समुद्रकाठच्या झुडपांवरील दगडफूल कसे ओळखावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. कोकणात गावी गेलेल्या वडोदऱ्याच्या एका वाचकाने ते टिपलेले होते. खाडीकाठच्या झुडपांच्या फांद्यांवरून राखाडी रंगाच्या चपट्या, फाटे फुटलेल्या पट्ट्यांचे झुपके लोंबताना त्यात दिसतात. छायाचित्राखाली 'झुडपांवर बुरशीचा रोग' अशी ओळ होती, आणि फांद्या खरवडून त्यांवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारावे, असा सल्लाही होता. मी अनेक वर्षे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. वडोदऱ्याच्या मराठी घरांपैकी पुष्कळांची कोकणात वाडी-बाग असते आणि सुट्टीत तिकडे जाणारे लोक असे सल्ले मनावर घेतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

छायाचित्रात दिसते ते दगडफूल आहे. अभ्यासक त्याला शैवाक असेही म्हणतात. आपल्या गोडा मसाल्यात पडते तेही दगडफूलच, मात्र ते पानासारखे पसरणारे असते आणि चित्रातले झुडपासारखे फुटणारे आहे. दगडफूल ही एकटी वनस्पती नसते. बुरशीच्या धाग्यांनी विणलेल्या देहात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्या अन्नावर दोघांचाही निभाव लागतो. ही जोडी आहे असे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ झिमोन श्वेंडनर यांनी 1867 मध्ये प्रथम मांडले, तेव्हा त्या काळच्या बहुतेक जाणत्यांनी त्यांना वेड्यात काढले होते. जगात दगडफुलांच्या सुमारे 20,000 जाती मानल्या जातात आणि भारतातून 2,300हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. इतका मोठा गट आपल्या क्रमिक पुस्तकांत जेमतेम अर्ध्या पानात उरकला जातो, त्यामुळे छायाचित्राखाली ती ओळ लिहिणाऱ्याला मी फारसा दोष देत नाही.

सल्ल्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. दगडफूल फांदीचा रस शोषत नाही. बांडगुळाची मुळे फांदीच्या लाकडात शिरतात आणि अमरवेल आपली शोषके सालीतून आत घालते. दगडफूल केवळ सालीच्या पृष्ठभागाला धरून राहते, आणि पाणी व क्षार पावसातून, दवातून आणि हवेतून घेते. ज्या फांद्या वाळत चालल्या आहेत त्यांच्यावर ते अधिक दिसते, ही गोष्ट खरी आहे आणि गैरसमजाचे मूळही तीच आहे. पाने झडलेल्या फांदीवर ऊन पोचते, जुन्या फांदीची साल खडबडीत झालेली असते आणि ती वर्षानुवर्षे न हलता एका जागी असते, म्हणून दगडफुलाला तिथे फावते. फांदी वाळण्याची कारणे मुळांशी, पाण्याशी किंवा खोडकिड्याशी शोधावी लागतात. बोर्डो मिश्रणातला मोरचूद दगडफुलातील बुरशीला आणि शैवालाला दोघांनाही मारक ठरू शकतो. झुडपासारखी दगडफुले वर्षाला काही मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढतात, हे ध्यानात घेतले तर वीतभर लांबीचा झुपका खरवडून काढणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय चित्रातली झुडपे तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या एका वनस्पतीची, आहेत. पाने समोरासमोर, जाडसर आणि खालच्या बाजूने पांढुरकी आहेत, आणि मागे चिखलातून वर आलेली श्वसनमुळेही दिसतात. कांदळवनाला महाराष्ट्रात कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तिथल्या फांद्यांवर चाकू चालवायला सांगणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

आता ओळखण्याविषयी. समुद्रकाठच्या झुडपावर काही राखाडी लोंबताना दिसले, की पहिला प्रश्न ते दगडफूल आहे की नाही, हा विचारावा. अलीकडे आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्ये 'स्पॅनिश मॉस' या नावाने करड्या, केसाळ जटा टांगून विकतात. त्या अननसाच्या कुळातील सपुष्प वनस्पतीच्या असतात आणि अमेरिका खंडातून आलेल्या असतात. कोणी हौसेने अंगणात लावलेल्या त्या जटा फोटोत दगडफुलासारख्या दिसू शकतात. भिंग घेऊन पाहिले तर त्यांवर चंदेरी खवले दिसतात, आणि देठ व अरुंद पाने वेगळी काढता येतात. दगडफुलात खोड, पान, मूळ असा भेद नसतो. शेवाळ्याची, म्हणजे मॉसची, पाने भिंगाखाली सहज दिसतात आणि ओले झाल्यावर ती हिरवीगार होतात. एवढी चाळणी लावली, की बहुतेक गोंधळ मिटतो.

यापुढचा भाग अधिक बारकाईचा आहे आणि खरी गंमतही तिथेच आहे. झुडपासारखी वाढणारी तीन दगडफुले आपल्या पश्चिम भागातल्या निरीक्षकाला एकमेकांसारखी वाटतात: उस्निया, रामालिना आणि रोसेला.

उस्निया सर्वात लवकर सुटते. तिचे धागे गोल असतात. ओला धागा दोन बोटांत धरून हलकेच ताणला, तर बाहेरची साल मणी सुटावेत तशी तुकड्यांत तुटते आणि आत पांढरी, किंचित लवचिक दोरी शिल्लक राहते. अशी मधली दोरी रामालिनात नाही आणि रोसेलातही नाही. शिवाय उस्निया मुख्यतः सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरसारख्या थंड व धुक्याच्या जागी भेटते. खाडीच्या तोंडाशी तिवरावर ती दिसली असे कोणी म्हणाले, तर मी आधी तो धागा ताणून पाहायला सांगेन.

रामालिना आणि रोसेला यांत मात्र जाणकारही दोन मिनिटे थांबतात. दोन्ही चपट्या पट्ट्यांच्या आहेत, दोन्ही फांदीला एकाच छोट्या चकतीने चिकटतात आणि दोन्ही खाऱ्या वाऱ्यात वाढतात. रामालिनाच्या रंगात पिवळसर हिरवी झाक असते, कारण तिच्या सालीत उस्निक आम्ल हे पिवळसर द्रव्य असते. रोसेलाचा रंग राखेचा, कधी निळसर राखाडी असतो, आणि ती हाताला चिवट, चामड्यासारखी लागते. दोघींच्या आत राहणारे शैवालही वेगळे आहे. रामालिनातले शैवाल गोल पेशींचे आणि हिरवे आहे. रोसेलातले शैवाल ट्रेंटेपोलिया नावाचे आहे. ते वर्गीकरणाने हिरव्या शैवालांतले असले, तरी केरोटिनमुळे नारिंगी दिसते. कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यांवर आणि घरांच्या भिंतींवर जो नारिंगी-विटकरी थर चढतो, तो पुष्कळदा याच शैवालाचा असतो. त्यामुळे रोसेलाच्या ताज्या पट्टीवर नखाने हलका ओरखडा काढला, तर राखाडी सालीखाली पिवळट-नारिंगी छटा दिसते, आणि रामालिनाच्या ओरखड्याखाली स्वच्छ हिरवा रंग दिसतो. जुन्या, वाळलेल्या तुकड्यात ही छटा फिकी पडते. म्हणून ती ताजेपणीच पाहून वहीत लिहून ठेवावी.

सिंधुदुर्गातल्या माझ्या नातेवाइकांनी वाऱ्याने पडलेल्या एका काटकीवरचा तुकडा मला कागदाच्या पाकिटातून पाठवला आहे. हे लिहिताना तो समोर आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याची पट्टी मुळाशी अरुंद, मध्ये काही मिलिमीटर रुंद आणि टोकाकडे पुन्हा दुभंगत गेलेली दिसते. तिच्या कडांवर पिठासारखे पांढुरके कण ठिकठिकाणी साठले आहेत. हे कण म्हणजे बुरशीच्या धाग्यांत गुंडाळलेल्या शैवालाच्या पेशी. वारा किंवा पाखराचा पाय त्यांना दुसऱ्या फांदीवर नेतो आणि तिथे नवे दगडफूल उभे राहते. काळ्या चकत्यांसारखी फळे या तुकड्यावर एकही नाही. भारतीय किनाऱ्यावरच्या रोसेलात ती तशी कमीच दिसतात आणि तिचा प्रसार मुख्यतः या पिठावर चालतो.

या तुकड्याची एक बारीक कपची मी पांढऱ्या कागदावर ठेवली, ब्लेडने तिची साल किंचित खरवडली आणि कपड्यांच्या ताज्या ब्लीचचा एक थेंब काडीच्या टोकाने त्यावर सोडला. साल लगेच लाल झाली आणि पाहता पाहता तो लाल रंग विरून गेला. ही कसोटी दीडशे वर्षांहून जुनी आहे. फिनलंडमध्ये जन्मलेले आणि पॅरिसमध्ये राहिलेले विल्यम न्यूलांडर यांनी 1866 मध्ये दगडफुलांसाठी अशा रासायनिक चाचण्या रूढ केल्या. रोसेलाच्या सालीत एरिथ्रिन आणि लेकॅनोरिक आम्ल ही द्रव्ये असतात. ब्लीचमधल्या क्लोरीनमुळे ती लाल रंग देतात. रामालिनाच्या सालीवर असा लाल रंग येत नाही. थेंब टाकताना दोन गोष्टी मात्र पाळाव्यात: चाचणी जिवंत झुपक्यावर न करता सुट्या कणावर करावी, आणि ब्लीच कोणत्याही आम्लाजवळ किंवा सफाईच्या दुसऱ्या द्रवाजवळ नेऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो. मुलांनी हे मोठ्यांच्या देखत करावे.

याच द्रव्यांमुळे या दगडफुलाला एकेकाळी बाजारात किंमत होती. रोसेलाच्या निरनिराळ्या जाती अमोनियात भिजवून दिवसेंदिवस हवेत ढवळत ठेवल्या, की त्यांतून ऑर्चिल नावाचा जांभळा रंग मिळे आणि युरोपात त्याने लोकर आणि रेशीम रंगवत. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लाने तांबडा आणि अल्काने निळा होणारा लिटमस कागद आपण सर्वांनी हाताळला आहे. लिटमसही पूर्वी रोसेला आणि तिच्या नातलगांपासूनच काढत. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला, त्यानंतर हा धंदा ओसरत गेला. आपल्या मुलांना लिटमस पाठ असतो आणि लिटमस ज्यापासून निघाला ते दगडफूल मात्र ते ओळखत नाहीत. एका शिक्षिकेला हे बोचते.

आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव रोसेला मॉन्टाग्नी असे आहे. एकोणिसाव्या शतकात भारतात हिंडलेल्या बेलांजे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि आपला समकालीन अभ्यासक कामी मोंतान्य याच्या नावावरून तिला नाव दिले. नाव परदेशी असले, तरी ही जात इथलीच आहे. ती नारळ, आंबा, चिंच यांच्या सालीवर वाढते आणि तिवरावरही वाढते. एखादे झाड परदेशातून आणून लावलेले असले, तरी त्यावर येऊन बसलेले दगडफूल स्थानिक असू शकते, हेही लक्षात ठेवावे. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनांत हे तपासण्यासारखे आहे.

आपल्या पुरवणीतले छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले. रंग, पट्ट्यांची ठेवण आणि तिवरासारखी आश्रय देणारी वनस्पती यांवरून ते रोसेला असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. परंतु छपाईत रंग बदलतात, ओरखड्याखालची छटा छायाचित्रात दिसत नाही, आणि ब्लीचचा थेंब तर कागदावरच्या चित्रावर टाकता येत नाही. म्हणून जातीचे नाव छापण्याची घाई मी करणार नाही. मोबाइलमधील ओळखयंत्रे अशा वेळी क्षणात एखादे नाव सांगून मोकळी होतात. त्यांचा उपयोग सुरुवातीचा अंदाज बांधण्यापुरता करावा आणि निर्णय भिंग व चाचणी यांवर सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतिम निश्चितीसाठी दगडफुलातली द्रव्ये पातळ थरावर वेगळी करून पाहतात आणि ते काम प्रयोगशाळेतच होते. लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था या दोन ठिकाणी दगडफुलांचा अभ्यास अनेक दशके झालेला आहे आणि मोठे संग्रहही आहेत.

वडोदऱ्याच्या वाचकांना समुद्रकाठच्या झुडपाशी काय कर्तव्य, असे कोणाला वाटेल. बडोदे संस्थानाचा समुद्राशी संबंध होता. ओखामंडळ, कोडीनार आणि नवसारीकडचा किनारा संस्थानाच्या ताब्यात होता. सयाजीराव महाराजांच्या सरकारसाठी सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी 1905-06 मध्ये ओखामंडळच्या समुद्रातील प्राण्यांचे नमुने गोळा केले आणि त्यांचा अहवाल 1909 व 1916 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. मोत्यांच्या शिंपल्यांच्या निमित्ताने सुरू झालेले ते काम स्पंजांपासून खेकड्यांपर्यंत पोचले होते. ज्या शहरातून भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जिवांची अशी पद्धतशीर पाहणी करवली गेली, तिथल्या माणसांनी भरतीरेषेच्या वीतभर वर, झुडपाच्या फांदीवर काय वाढते, याकडेही त्याच आस्थेने पाहावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. कावी-कंबोईला महीच्या मुखाशी दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांनी भरती उतरेपर्यंतच्या वेळात तिवरांच्या आणि पिलूच्या फांद्या डोळसपणे न्याहाळल्या, तर तिथे झुडपी दगडफूल आहे किंवा नाही, ही नोंददेखील मोलाची ठरेल. नाही, ही नोंदसुद्धा नोंदच असते.

खुद्द आपल्या शहरात लोंबणारे दगडफूल दिसत नाही. कमाटीबागेतल्या जुन्या झाडांच्या बुंध्यांवर सालीला घट्ट चिकटलेले करडे-पांढरे चट्टे मात्र दिसतात आणि तीही दगडफुलेच आहेत. न्यूलांडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शहरी हवेचा आणि दगडफुलांचा संबंध दाखवला, तेव्हापासून ती हवेची पारख करणारी मानली जातात. विशेषतः गंधकाच्या धुराने ती मरतात. त्यावरून आपल्या शहरातला सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत इथली हवा फार कोरडी असते. हिरव्या शैवालांची दगडफुले नुसत्या दमट हवेवरही जागी होऊन अन्न तयार करू शकतात, आणि खाडीकाठी पहाटेचा दमटपणा बिनपावसाच्या महिन्यांतही त्यांना पुरतो. आपल्याकडे तो नाही. धूर किती आणि कोरडेपणा किती, याचा हिशेब मोजमापाशिवाय मांडता येणार नाही.

ज्या वाचकाने ते छायाचित्र पाठवले, त्यांनी आणि सुट्टीत किनाऱ्यावर जाणाऱ्या इतरांनीही नोंद कशी करावी, ते शेवटी सांगते. आधी पूर्ण झुडपाचे, मग फांदीचे आणि मग एकाच पट्टीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी. पट्टी फांदीला जिथे चिकटते ती चकती स्वतंत्र टिपावी, कारण तिच्याविना घेतलेली छायाचित्रे बहुधा निरुपयोगी ठरतात. कोरड्या झुपक्यावर थोडे गोडे पाणी शिंपडून पुन्हा एक छायाचित्र घ्यावे. ओली साल पारदर्शक होते आणि आतल्या शैवालाचा रंग वर येतो. झुडूप कोणते, फांदी जमिनीपासून किती उंच आणि समुद्राच्या बाजूची की आडोशाची, हे तारखेसह आणि गावाच्या नावासह लिहावे. जिवंत झुपका तोडू नये. खाली पडलेल्या काटकीवरचा बोटाएवढा तुकडा पुरतो, आणि कांदळवनातून तोही वनखात्याला विचारूनच उचलावा. तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये, तिथे त्याला दोन दिवसांत खरोखरची बुरशी येते. वर्तमानपत्राच्या घडीत सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला, तर तो वर्षानुवर्षे टिकतो आणि रासायनिक चाचणीही देतो. असे पाकीट आपल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे नेऊन दाखवता येईल.

आपण पुढील पुरवणीत त्या छायाचित्राची ओळ दुरुस्त करून 'तिवरावरील दगडफूल, बहुधा रोसेला' अशी छापावी आणि खरवडण्याचा व फवारणीचा सल्ला मागे घ्यावा, ही नम्र विनंती. गावाकडे आंब्या-काजूची फवारणी सुरू होण्याआधी ही दुरुस्ती वाचकांच्या हाती पडली, तर बरे होईल.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, वडोदरा